नातीच्या जागी बसलेली तुळसाबाई

तुळसाबाई पेपर वाचते तेव्हा तो उलटा धरत नाही. फोटोतल्या माणसांची डोकी वरच्या बाजूला हवीत, हे तिनं फार लवकर हेरलं असणार. मग पान उलटायचं, भुवया चढवायच्या, "काय बाप्पा दिवस आले" म्हणायचं, आणि त्याच कागदात गिऱ्हाइकाला अद्रक बांधून द्यायचं. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात ती भाजी घेऊन बसते. मी अठ्ठावीस वर्षं तिच्याकडून भाजी घेतेय, अठ्ठावीस वर्षं तिच्याशी निवडणुकांवरून वाद घालतेय, आणि या बाईला अक्षर ओळखू येत नाही हे मला गेल्या दिवाळीपर्यंत कळलं नव्हतं. मी हायस्कुलात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. निरीक्षण हा विज्ञानाचा पाया, असं दर जूनला पहिल्या तासाला सांगायचे. ज्यांनी ते ऐकून घेतलं त्यांची मी माफी मागते.

तिचं वय साठ असेल, बासष्ट असेल. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, पण आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं एक जानेवारीलाच जन्मली आहेत, तेव्हा त्यावर जाऊ नका. माहेर शिरपूर जैनकडचं. उंची बेताची, आवाज मात्र असा की हायवेवरचा जीपवाला आपल्यालाच हाक मारली समजून ब्रेक दाबतो. ओढ्याकाठी तीन एकर मळा आहे. वांगी, पालक, चवळी, आणि पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमचा सांबार. मुलगा आणि सून अंजना मळा करतात, तुळसाबाई विकते, आणि नवरा बापूराव पेपर वाचतो.

बापूरावाचं पेपर वाचणं हा गावाला एक ताप होता. पहाटे ओट्यावर बसून तो मोठ्यानं वाचायचा. पहिल्या पानावरच्या भांडणांपासून शेवटच्या पानावरच्या निधनवार्तांपर्यंत, मधल्या खतांच्या आणि मूळव्याधीच्या जाहिरातींसकट. माझं घर त्यांच्या घराच्या मागेच आहे. मी दोनदा जाऊन सांगितलं की बापूराव, मनात वाचा, देवानं मन त्यासाठीच दिलंय. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला आपल्या विद्येचा फार माज असतो, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

तुळसाबाई मात्र चौथी पास. म्हणजे असं सगळ्यांना माहीत होतं, कारण ती ते दिवसातून दोनदा सांगायची. "चौथी पास हाये मी, मले नका शिकवू," हे तिचं सगळ्या वादांतलं शेवटचं वाक्य. त्या चौथीच्या जोरावर ती बचत गटाची अध्यक्ष झाली, एकदा ग्रामपंचायतीत निवडून आली, आणि नात समीक्षा शाळेत गेल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची उपाध्यक्ष झाली. अध्यक्ष दौलतराव. मीही त्या समितीत आहे, शिक्षणतज्ज्ञ म्हणून. शिक्षणतज्ज्ञ म्हणजे गावातलं असं माणूस ज्याला घरी काम नाही.

या समितीची एक रीत सांगितली पाहिजे. सभा व्हायच्या आधीच रजिस्टरमध्ये सभेचं इतिवृत्त लिहून तयार असतं. चर्चा झाली, ठराव मांडला, सर्वानुमते मंजूर. मग माणसं येतात, चहा पितात, सह्या करतात आणि जातात. पहिली सही तुळसाबाईची. एक मोठी वेलांटी, खाली दोन गाठी, शेवटी एक रेघ. बघणाऱ्याला वाटावं की फार शिकलेल्या माणसाची घाईतली सही आहे. डॉक्टरांची असते तशी.

आमची शाळा सातवीपर्यंत. दोन शिक्षक. त्यातली धम्मदीपा मॅडम मंगरुळपीरहून स्कूटीवर येते, मुख्याध्यापिकेचा कारभारही तिच्याकडेच, आणि ती उगाच बोलत नाही म्हणून मला आवडते. तिच्याकडे पाचवी ते सातवीची एकतीस मुलं एकाच खोलीत. एक धडा शिकवायचा तर दहा मुलांना तो आधीच येतो, दहांना कधीच येणार नाही असं वाटतं, आणि बाजाराच्या दिवशी मळेवाल्यांची नऊ मुलं भाजीच्या जीपमध्ये बसून निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी ती नऊ येतात तेव्हा धडा पुढे गेलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं शाळेला बारा टॅब दिले आणि सगळा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यात घालून दिला. शाळेत नेट असलं की धडे उतरवून घ्यायचे, मग बिननेटचे कुठेही चालतात. मी विरोध केला होता. पोरांनी मुंड्या घालून काचेवर बोटं घासावी आणि त्याला शिक्षण म्हणावं, हे मला पटेना. पण धम्मदीपानं मला एक दिवस वर्गात बसवलं आणि मी गप्प झाले. प्रत्येक मुलाला टॅब धडा त्याच्या पायरीवरून सुरू करून देत होता. तीनदा चुकलं की एक पायरी खाली, नीट जमलं की एक वर. वाचायला जड जातं त्याच्यासाठी कानाचं चित्र. ते दाबलं की प्रश्न वाचून दाखवतो. ज्याला कमी दिसतं त्याची अक्षरं बोराएवढी. तांड्यावरच्या निताला मराठी प्रश्न कळायचे नाहीत, तर धम्मदीपानं तिच्या मावशीला शाळेत बसवून तेच प्रश्न गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, टॅबवर बोलून घेतले. ती पोरगी दोन वर्षं मागच्या भिंतीला टेकून झोपायची. त्या दिवशी जागी होती. मी एवढंच बघितलं आणि घरी आले.

बाजाराच्या दिवशी नऊ टॅब जीपमधून बाजारात जायला लागले. मुलांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून प्रत्येकाला एकेक चित्र. समीक्षाचं चित्र वांगं.

आता इथं बाजाराची रीत आडवी आली. बाजारात कोणी पाणी प्यायला, चहाला, कशालाही उठलं तर शेजारचं माणूस त्याच्या जागेवर सरकून बसतं. जागा रिकामी ठेवायची नाही. रिकाम्या जागेवरून गिऱ्हाईक फिरतं आणि फिरलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. आणि बसणाऱ्यानं नुसतं राखण करत बसायचं नाही, विकायचंही. चार जुड्या खपवून दिल्या तर ज्याची जागा त्याला आनंद.

सहावीतली समीक्षा टॅब उघडायची, वांग्यावर बोट ठेवायची, दोन प्रश्न सोडवायची आणि म्हणायची, "आजी, बस जरा." मग बांगड्यांच्या दुकानात मैत्रिणीकडे पसार. पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की टॅबवर एक हात हलायला लागतो आणि आतून एक गोड बाई विचारते, समीक्षा, तू आहेस ना? पहिल्यांदा तुळसाबाईनं "हाव, हाये ना" असं तोंडानं सांगून पाहिलं. बाई पुन्हा विचारायला लागली. गिऱ्हाईक दोनदा विचारतंय म्हणजे आता उठणार, हे चाळीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ती सरकून नातीच्या जागेवर बसली आणि विकायला लागली.

गणित तिला गुळासारखं लागलं. एका क्रेटमध्ये चोवीस किलो टमाटे, आठवा भाग सडला, तर उरले किती? कानाचं चित्र प्रश्न वाचून दाखवतंय, आणि आकडे तिला येतात, वजनकाट्यावर आकडेच तर असतात. बाईचा प्रश्न संपायच्या आत ही एकवीसवर बोट ठेवून मोकळी. टॅब चढला. सहावीतून सातवी, सातवीतून आठवी. वाचनाचं मात्र उलटं. तिथं कानाचं चित्र नसतं, कारण स्वतः वाचता येतं का हेच बघायचं असतं. तिनं नशिबावर हवाला ठेवून बोटं ठेवली. टॅब पायरीमागून पायरी खाली उतरला. सहावी, पाचवी, चौथी. चौथीलाही थांबला नाही. जुलैच्या शेवटाला तो पहिलीच्या पहिल्या पानावर आला, तिथं एक कमळ होतं, त्याच्याखाली एकच अक्षर, आणि तिथं ती गोड बाई पुन्हा बोलायला लागली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या पावसाळ्यात मी एकदा बाजारात गेले तर तुळसाबाई बापूरावाचा चष्मा लावून टॅबवर वाकलेली. समोर दोन गिऱ्हाइकं उभी. तिचं लक्ष नाही. मी म्हटलं, काय गं, म्हातारपणी गेम खेळायला लागलीस का? दचकून तिनं टॅब पालकाखाली सारला. म्हणाली, पोरीचं पाहून राह्यली. मी मनात म्हटलं, गेली ही पण. आणि पावशेर चवळी घेऊन आले. निरीक्षण.

इकडे धम्मदीपाच्या तक्त्यावर समीक्षाचं विचित्र चित्र उमटायला लागलं. गणित आठवीचं, वाचन पहिलीचं. वर्गात तर पोरगी धडाधड वाचते. धम्मदीपाला वाटलं, बाजाराच्या गोंगाटात होत असेल, आणि तिनं ते तिथंच सोडलं. पण तक्ता केंद्रप्रमुखांनाही दिसतो. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा तो अधिकारी. हरीओम सर म्हणतात त्यांना. माणूस वाईट नाही, पण त्यांना मुलांपेक्षा रंग लवकर दिसतात. समीक्षाच्या नावापुढे लाल पट्टी दिसली आणि ते मोटारसायकलवरून आलेच.

सरांनी पोरीला टेबलापाशी बोलावलं, टॅबवरची लाल पट्टी आणि खालचे धडे दाखवले, आणि पुस्तक हातात दिलं. समीक्षानं ते धडे बघितले. क, कमळ. म, मगर. तिनं ते कधी उघडलेच नव्हते. कोणी उघडले हे तिला तिथल्या तिथं कळलं. आजीला वाचता येत नाही हे घरात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं तिला वाटायचं; औषधाची बाटली आजी दर वेळी तिच्याकडूनच वाचून घ्यायची. आता आपण नीट वाचलं तर सर विचारणार, मग हे कोण करत होतं? अकरा वर्षांच्या पोरीनं एवढा हिशेब उभ्या उभ्या केला आणि तोंड उघडलं. "ए...का... गा...वा..." अशी ठेचकाळत वाचायला लागली.

हरीओम सर हर्षले. गणितात हुशार आणि वाचनात शून्य, असं असतं मॅडम, प्रशिक्षणात सांगितलं होतं आम्हाला. प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. आता खरं सांगायचं तर अशी मुलं असतात, त्यांना अक्षरं खरोखर दगा देतात, आणि त्यांना मदत मिळायलाच हवी. पण म्हणून समोरचं प्रत्येक पोर त्यातलंच असं नसतं. धम्मदीपानं सांगून पाहिलं की वर्गात ही वाचते. सर म्हणाले, पाठ केलं असेल. नाव विशेष गरजांच्या यादीत गेलं. समितीचा ठराव झाला की वाशीमला शिबिर, तिथं प्रमाणपत्र, आणि मग तिथल्याच निवासी वर्गात रवानगी. ठरावाचा मजकूर सरांनी फोनवर सांगितला आणि धम्मदीपाला तो रजिस्टरमध्ये लिहावा लागला.

अंजनानं ऐकलं आणि जेवण टाकलं. एकदा पोरीला मंद असल्याचा कागद मिळाला की तो जन्मभर मागे लागेल, हे तिचं म्हणणं, आणि आमचं गाव बघता ते खोटं नव्हतं. समीक्षाला विचारलं तर एकच उत्तर, मले नाई येत वाचता. वर ती आईला समजावायची की वसतिगृहात रोज सकाळी पोहे देतात म्हणे. आणि तुळसाबाई गप्प. आठ दिवस गप्प. गावात लोक एकमेकांना विचारायला लागले, तिला बरं नाही का.

अंजना पोरीला माझ्याकडे घेऊन आली. मी एक पुस्तक पुढे टाकलं. पोरगी अडखळायला लागली. मी पुस्तकाकडे बघितलंच नाही, तिच्या डोळ्यांकडे बघितलं. तोंड पहिल्या शब्दात अडकलेलं आणि बुबुळं ओळीच्या शेवटाला पोचून पुढच्या ओळीवर उतरलेली. पान संपायच्या आधी अंगठा पान उलटायला तयार. मी म्हटलं, "समीक्षा, तू माझ्यापेक्षा भरभर वाचतेस. कोणाला वाचवून राहिलीस?" तिनं पुस्तक मिटलं आणि आईच्या आधी दाराबाहेर पडली.

शनिवारी सभा झाली. वर्गातच. मुलं बाहेर व्हरांड्यात टॅब घेऊन, आम्ही आत बाकांवर गुडघे दुमडून. बापूराव तुळसाबाईला मोटारसायकलवर घेऊन आला आणि दारात उभा राहिला. सरांनी वरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. त्यात सर्वसमावेशक शिक्षणांतर्गत असा एक शब्दसमूह होता, तो त्यांनी तीन हप्त्यांत म्हटला. मी उठून सांगितलं की पोरगी खोटं अडखळते. सर म्हणाले, पुरावा? माझ्याकडे दोन बुबुळं सोडून पुरावा नव्हता. दौलतरावांनी घड्याळ बघितलं आणि रजिस्टर नेहमीसारखं तुळसाबाईपुढे सरकवलं.

तिनं पेन घेतलं नाही. कनवटीला खोचलेला बापूरावाचा चष्मा काढला, नाकावर चढवला आणि पानावर बोट ठेवलं.

धम्मदीपाचं अक्षर फळ्यावरचं असतं, गोल आणि सुटं. तुळसाबाईचं बोट पहिल्या अक्षराखाली थांबलं. ओठ हलले. मग बोट एक इंच सरकलं. पुन्हा ओठ.

दौलतराव म्हणाले, "वहिनी, सही करा ना. नेहमीचंच हाये."

"थांबा भाऊ. वाचून राह्यली मी."

पंखा फिरत होता. कोणी चहा ओतला आणि तो तसाच राहिला. पहिला शब्द व्हायला अर्धं मिनिट लागलं. ठ. रा. व. दुसऱ्या ओळीपर्यंत खोलीतल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. चाळीस वर्षं ती न वाचता मान डोलावायची तेव्हा कोणाला संशय आला नाही. आज खरंच वाचायला लागली आणि पकडली गेली. चौथी पास माणूस असं वाचत नाही. असं पहिलीतलं लेकरू वाचतं, ऑगस्ट महिन्यात. तिलाही ते कळत होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण बोट थांबलं नाही. दारात बापूराव उभा होता, तो हळूच पायरीवर बसला.

चौथ्या ओळीत बोट अडलं. तिनं वर न बघता विचारलं, "मॅडम, हे गाठीचं अक्षर कोणतं व?"

"क्ष," धम्मदीपा म्हणाली. "त्याला काना. क्षा."

"स. मी. क्षा." तिनं बोट उचललं नाही. "हे नाव खोडा. शाळेच्या त्या फोनवर पोरगी नव्हती, मी होती."

मग ती बोलली. पोरगी बांगड्या पाहायला जाई आणि ती जागा राखायला बसे. गणित तिला येत होतं ते तिनं सांगितलं. चौथी पास ती नाही, पहिलीही नाही. सोयरीक जमवायला बापानं चौथी सांगितली आणि तिनं तीच जन्मभर पदराला बांधून ठेवली. सर म्हणाले, म्हणजे तुम्ही मुलीच्या नावावर परीक्षा दिली?

"परीक्षा कायची सर? त्यानं इचारलं, म्या सांगतलं. गिऱ्हाईक वापस पाठवू का?" एवढं बोलून ती धम्मदीपाकडे वळली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "शिरपूरच्या शाळेत मी चार महिने गेली, मॅडम. वावरात पाण्याची पाळी आली का बाप घरी ठेवे. मी वापस जाये तं धडा पुढं गेलेला राहे. मास्तर म्हणे, आता तुह्यासाठी मांगं येऊ का? हा फोन बाप्पा, मले नाई जमलं का एक पायरी खाली उतरे. अजून नाई जमलं, अजून उतरे. उतरत उतरत माह्यापर्यंत आला. मंग मले सोडवलं नाई."

दौलतराव चप्पल शोधत होते, ती पायातच होती.

सरांना तरीही एक शंका होती. मग मुलगी माझ्यासमोर अडखळली का? व्हरांड्याच्या खिडकीत समीक्षाचं नाक गजांना चिकटलेलं होतं. तुळसाबाईनं तिला आत बोलावलं आणि सांगितलं, वाच व, आता कोणाचं झाकतं. पोरीनं सरांच्या हातातलं पत्र घेतलं आणि वरपासून खालपर्यंत एका दमात वाचलं. सर्वसमावेशक शिक्षणांतर्गत तर असं गेलं की जीप गतिरोधकावरून न थांबता जाते तसं. जावक क्रमांकसुद्धा वाचला.

नाव खोडलं. खोडल्यावर सर यादीकडे बघत बसले. यादी कोरी न्यायला त्यांचं मन होईना. शेवटी त्यांनी बॅगेतून दुसरी यादी काढली, प्रौढ नवसाक्षरांची, आणि पहिल्या ओळीत तुळसाबाईचं नाव घातलं. कुठल्या तरी यादीत कोणीतरी गेलं, सरांचा दिवस सत्कारणी लागला. तुळसाबाईनं ती यादीही बोट ठेवून वाचली आणि मगच सोडली.

बाहेर येताना मी बापूरावाला गाठलं. तुम्हाला माहीत होतं? तो म्हणाला, लग्नानंतर पंधरा दिवसांनी. माहेरचं पत्र आलं ते तिनं उलटं धरलं होतं. मग बोलला का नाहीत? "तिनं इचारलं नाई, म्या सांगतलं नाई. पेपर मोठ्यानं वाचाले लागलो." बेचाळीस वर्षं. आणि मी दोनदा जाऊन त्याला मनात वाचायला सांगून आले होते.

पुढचं फार गोड झालं असं समजू नका. धम्मदीपानं तक्त्यातली आजीची उत्तरं वेगळी काढली तेव्हा समीक्षाचं गणित आठवीवरून धाडकन सहावीवर आलं. चार महिने ती वर्गात हुशार म्हणून मिरवली होती. तिनं आजीशी तीन दिवस अबोला धरला. तुळसाबाईला टॅबवर स्वतःचं चित्र मिळणार होतं, तर ती म्हणे, मले वांगंच पाह्यजे, वांगं माह्या मळ्यातलं हाये. दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी आजीला भेंडीवर भागवावं लागलं. आता बाजारात दोघी शेजारी बसतात. ही उठली की ती हिचं चित्र झाकून ठेवते. टॅबच्या त्या एका जागेवर कोणी कोणासाठी बसायचं नाही, असं ठरलंय.

समितीचे मात्र हाल आहेत. पूर्वी पंधरा मिनिटांत उरकणारी सभा आता दीड तास चालते, कारण उपाध्यक्ष वाचल्याशिवाय सही करत नाहीत. मागच्या महिन्यात "मागील सभेत चर्चा झाल्याप्रमाणे" यावर बोट ठेवून तिनं विचारलं, कोणत्या सभेत झाली व चर्चा? झालीच नव्हती. दौलतराव बाहेर येऊन मला म्हणाले, बाई, तुमचं ऐकते ती, तिले म्हणा आमच्यावर भरोसा ठेव. मी म्हणणार नाही.

आणि पहाटेची ओट्यावरची शांतता. पहिल्या दिवशी ती जाणवली तेव्हा मी धास्तावून मागच्या दारानं बघायला गेले, म्हातारा आहे की गेला. तर दोघं बसलेले. पेपर तिच्या मांडीवर, चष्मा तिच्या नाकावर. घरात चष्मा एकच आहे. ती ओठ हलवत एका जाड मथळ्याखालून बोट सरकवत होती आणि बापूराव रिकामे हात घेऊन बसला होता, सुट्टी दिलेल्या चपराश्यासारखा.

"काय लिव्हलं व?" त्यानं विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "अजून अर्धंच झालं."